स्पेशालिस्ट डॉक्टरांनी फोनवरून तपासलं तर पेशंटचं समाधान होतं का?

होतं. पण फोन कुणाच्या हातात आहे, ते आधी बघा.

तुम्ही लिहिलंय की वडिलांना संधिवात आहे, डॉक्टर पुण्यात, तुम्ही बार्शीत, आणि डॉक्टर आता एकाआड एक तपासणी फोनवर करू म्हणतायत. अशानं पेशंट समाधानी राहतो का? माझ्या सासूबाईंना रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात आहे. आम्ही कणकवलीला, डॉक्टर कोल्हापूरला. या एका प्रश्नावरून आमच्या घरात इतकं वाजलंय की लिहिल्याशिवाय राहवेना.

फोंडा घाट चढून राधानगरीवरून कोल्हापूर गाठायचं म्हणजे सुजलेल्या गुडघ्यांच्या बाईला काय सोसावं लागतं, ते शेजारच्या सीटवर बसणाऱ्यालाच कळतं. तिथे ओपीडीत तासन्‌तास थांबायचं, आत पाच-सात मिनिटं, आणि परत तोच घाट. दुसऱ्या दिवशी आई अंथरुणातून उठत नसत. म्हणून मधल्या तपासण्या फोनवर करायचं डॉक्टरांनीच सुचवलं, तेव्हा मला हायसं वाटलं.

फाइलवर नंबर मोठ्या भाऊजींचा. ते डोंबिवलीला असतात, औषधांचा बराच खर्च तेच करतात, हे मी कधी नाकारलेलं नाही. त्यामुळे डॉक्टरांचा फोन त्यांना जायचा. लॅबचे रिपोर्ट त्यांच्याकडे असायचे, ते ईएसआर (अंगातली सूज किती आहे ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) वाचून दाखवायचे आणि ‘आई ठीक आहे’ म्हणून सांगायचे. आई त्यांच्यापासून शेकडो किलोमीटर लांब! फोन ठेवला की भाऊजी आम्हाला फोन करणार: ‘यात काही अर्थ नाही. हात लावल्याशिवाय कसली तपासणी? आणि वर पैसे घेतात.’ हॉस्पिटलकडून ‘आपला अनुभव कसा होता’ असा मेसेज यायचा, तोही त्यांच्याच मोबाइलवर. त्यांनी एक तारा दिला. हॉस्पिटलच्या हिशेबी पेशंट नाराज. पेशंटला कुणी विचारलंच नव्हतं.

एकदा भाऊजी मीटिंगमध्ये होते, म्हणून त्यांनी माझा नंबर दिला. मी फोन स्पीकरवर टाकून आईंच्या पुढ्यात ठेवला. मी बोलायला लागले तर डॉक्टर म्हणाल्या, ‘तुम्ही थांबा, आजींना बोलू दे.’ आणि विचारलं, सकाळी उठल्यावर हात मोकळा व्हायला किती वेळ लागतो? आई म्हणाल्या, ‘नव वाजल्याबिगर मूठ वळणा नाय.’ त्या उठतात पाचला. पुढे डॉक्टर एकेक विचारत गेल्या. अंबाडा स्वतः घालता का? ब्लाउजची हुकं लागतात का? कळशी उचलवते का? बांगडी मनगटावरून पुढे सरकते का? आईंनी उजव्या हातातली बांगडी ढकलून बघितली, ती हाडाशी येऊन अडली. मग मला सांगितलं, त्यांचा पंजा हातात घ्या आणि बोटांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. मी दाबलं तशी आईंनी हात मागे ओढला. ते डॉक्टरांना दिसलं नाही, पण ‘आई गं’ ऐकू गेलं.

ईएसआर त्या वेळीही चांगलाच होता. डॉक्टर म्हणाल्या, रिपोर्ट चांगला असला तरी सांधे अजून धुमसतायत, काही पेशंटमध्ये असं होतं. मेथोट्रेक्सेट या संधिवातावरच्या गोळीचा डोस वाढवला, पुढच्या रक्ततपासणीची तारीख दिली आणि गोळीचा वार आईंच्याच तोंडून वदवून घेतला: रविवारी, आठवड्यातून एकदाच. ही गोळी कुणी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून हे वदवून घेणं मला फार मोलाचं वाटलं. प्रिस्क्रिप्शन व्हॉट्सॲपवर आलं.

फोन ठेवल्यावर आई म्हणाल्या, ‘आज डॉक्टरीणबायन माझा सगळा आयकल्यान.’ ओपीडीत समोर बसून असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या, कारण तिथे मुलगे बोलतात आणि त्या फाइल मांडीवर घेऊन गप्प बसतात.

भाऊजींचं म्हणणं अजून बदललेलं नाही. त्यांच्यासारखे तुमच्याकडेही कुणीतरी असणारच, म्हणून सांगते. फोनवर सल्ला म्हणजे पळवाट नव्हे. 2018 मध्ये आमच्या शेजारच्या रत्नागिरीच्या एका प्रकरणात, फोनवरून औषधं सांगितल्यावर बाळंतीण दगावली म्हणून, मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला होता. त्यानंतर आमच्याकडचे डॉक्टर फोनवर औषधाचं नाव घ्यायलाही कचरायचे. 25 मार्च 2020 ला केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, तेव्हा कुठे नियम स्पष्ट झाले. फोन, व्हिडिओ, मेसेज, तिन्ही चालतात. डॉक्टरला नोंद ठेवावी लागते, जबाबदारी प्रत्यक्ष तपासणीइतकीच राहते आणि फी घेण्याचा हक्कही आहे. फी अंगाला हात लावण्याची नसते हो, डोकं चालवण्याची असते! गाडीभाड्याला हजारो रुपये मोजताना कुणी कुरकुरत नाही आणि डॉक्टरच्या फोनचे पैसे मात्र टोचतात, हे मला पटत नाही.

आता तुमच्या वडिलांपुरतं. पहिली तपासणी समोरच व्हायला हवी, त्यात तडजोड नको. त्या नियमांत पुन्हा तपासणी कशाला म्हणायचं तेही दिलंय: त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरने सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष पाहिलेलं असलं पाहिजे. म्हणजे फोनवरची तपासणी ‘पुन्हा तपासणी’ म्हणून धरली जायची तर सहा महिन्यांतून एकदा तरी पुण्याला न्यायला हवं. एखादा सांधा एकदम लाल, गरम होऊन ताप आला, धाप लागली, किंवा मेथोट्रेक्सेट चालू असताना तोंडात फोड आले, तर फोनची वाट बघत बसू नका, जवळचं हॉस्पिटल गाठा. ऐकू कमी येत असेल तर साध्या फोनपेक्षा व्हिडिओ बरा. आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर मोफत सल्ला मिळतो तो चांगलाच, पण तिथे दर वेळी तोच डॉक्टर मिळेल असं नाही, आणि या आजारात ओळखीचा डॉक्टर लागतो. आमच्या डॉक्टरांनी आईंचे हात आधी अनेकदा दाबून पाहिले होते, म्हणून त्यांना फोनवर नेमकं काय विचारायचं ते ठाऊक होतं. अनोळखी डॉक्टरकडून ही अपेक्षा धरता येणार नाही.

फोनच्या आधी वडिलांच्याच शब्दांत काय काय जमत नाही ते लिहून ठेवा, रक्ताचे रिपोर्ट आदल्या दिवशी पाठवा. आणि पुढच्या खेपेला पुण्याला जाल तेव्हा काउंटरवर फाइलवरचा नंबर बदलून वडिलांचा घाला. बटणाचा फोन असला तरी चालेल, प्रिस्क्रिप्शन तुमच्या व्हॉट्सॲपवर मागवता येतं. आम्ही आईंचा नंबर घातला तेव्हा भाऊजी महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. तरी मी तो परत बदललेला नाही.