सेकंड लाइफमध्ये गायलेलं गाणं खरंच लाइव्ह असतं का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. सेकंड लाइफमध्ये, म्हणजे आपल्या जागी आपली बाहुली वावरते अशा इंटरनेटवरच्या आभासी जगात, विज्ञानकथेचे चाहते जमून गातात ते खरंच लाइव्ह असतं का, आणि तिथे हार्मोनियम घेऊन गायचं तर तयारी काय लागते. पहिल्या प्रश्नावरून माझं आणि माझ्या दादाचं दोन वर्षांपूर्वी वाजलंय, म्हणून आधी तेच.

हो, लाइव्ह असतं.

या चाहत्यांच्या गाण्यांना फिल्क म्हणतात. १९५० च्या दशकात कुणाचं तरी ‘फोक’ टाइप करताना बोट चुकलं आणि तेच नाव राहिलं. ओळखीच्या चालीवर यानांची, परग्रहांची गाणी. रिंगण करून बसायचं, पाळी आली की गायचं. भजनी मंडळात वाढलेल्या माणसाला यात शिकवण्यासारखं काही नाही.

मला पाळी मिळाली ती अशाच एका रिंगणात. तिथलं घड्याळ कॅलिफोर्नियाचं. उन्हाळ्यात त्यांचे संध्याकाळचे सहा म्हणजे माझ्याकडे नाशिकला सकाळचे साडेसहा आणि दादाकडे न्यू जर्सीत रात्रीचे नऊ. मी व्हॉयेजर या नासाच्या अंतराळयानावर चार कडवी लिहून भैरवीत बांधली होती. भैरवीच का, तर यानासोबत पाठवलेल्या, पृथ्वीवरचे आवाज भरलेल्या सोनेरी तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. त्या तबकडीत रॉक अँड रोलवाला चक बेरी आहे हे रिंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, केसरबाईंचं नाव एकालाही नाही. गाण्याआधी मी ते सांगितलं. गोव्यातल्या केरी गावची बाई, म्हटलं. अजून सांगताना गळा भरून येतो.

तबला दादाचा. आता अडचण बघा. दोघं वादक एकमेकांचं ऐकून वाजवतात तेव्हा पंचवीस-तीस मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की लय ओढली जाते. एवढा उशीर म्हणजे दहा मीटर लांब बसलेल्या तबलजीचा आवाज यायला लागतो तेवढा. नाशिक ते न्यू जर्सी बारा हजार किलोमीटरच्या वर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ रेषेतही साठ मिलिसेकंद. प्रत्यक्षात तारा वळसे घेत जातात, शंभराच्या पुढेच. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची, तेव्हा अर्धी मात्रा वाटेतच गेली. हे कुठल्याही कंपनीच्या हातातलं नाही.

म्हणून सगळे करतात तेच आम्ही केलं. दादाचा ठेका माझ्याकडे यायचा, मी त्यावर गायचं आणि दोन्ही एकत्र करून पुढे पाठवायचं. ऐकणाऱ्यापर्यंत ते वीस-पंचवीस सेकंदांनी पोचतं, तेही प्रत्येकाकडे थोडं पुढेमागे. दादाला माझा सूर ऐकू येणारच नव्हता. तालमीत त्याने हट्टाने सेकंड लाइफचा आवाज चालू ठेवला, त्याचाच जुना ठेका त्याच्या कानावर आला आणि केरवा कोसळला. मग कार्यक्रमात आवाज बंद करून त्याने सहा मिनिटं एकट्याने केरवा धरला, समोर पडद्यावर माझ्या बाहुलीची बोटं पेटीवर कशीही फिरत असताना.

मी तिसऱ्या कडव्यात होते तेव्हा दुसऱ्या कडव्याची दाद आली, लिहून, एकेक करत. शेवटी कुणीतरी कानाने टिपून, चुकीच्या स्पेलिंगमध्ये ‘आभाळ’ लिहिलं आणि अर्थ विचारला. मी सांगितला. तेवढ्यात दादाचा मेसेज आला: “मी वाजवलं. संगत नाही केली.” त्यानंतर तो पुन्हा बसला नाही. वर म्हणतो, सगळा पोरखेळ आहे, खोटी बैठक.

त्याचं अर्धं मला मान्य आहे. कान नसताना संगत होत नाही. पण बैठक खोटी कशी? चुकलेला सूर मागे घेता येत नव्हता, माणसं त्या क्षणी तिथे होती, ‘आभाळ’ विचारणारं कुणीतरी खरं होतं. सुझान व्हेगासारखी गायिका ऑगस्ट २००६ मध्ये तिथे गायली, ती काय पोरखेळ म्हणून? उशीर आहे म्हणून गाणं खोटं म्हणायचं तर व्हॉयेजर-१ चा संदेश इथे यायला २२ तासांहून जास्त लागतात, तोही खोटाच म्हणा.

आणि उपाय आहे. लांबलांबच्या वादकांना इंटरनेटवरून एकत्र वाजवू देणारा निन्जॅम नावाचा प्रोग्राम उशीर लपवत नाही, उलट तो पूर्ण एका आवर्तनाएवढा वाढवतो. तुम्हाला समोरच्याचं मागचं आवर्तन ऐकू येतं, पण समेवर सम. पाश्चात्त्य वादकांना हे विचित्र वाटतं. आपला लेहरा, म्हणजे एकल तबल्यासाठी पेटीवर धरायची धून, मात्र प्रत्येक आवर्तनात तोच असतो! मागचा ऐकला काय आणि आत्ताचा काय. मी एका अनोळखी तबलजीला तासभर असा लेहरा धरला. त्याची तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) माझ्याकडे एक आवर्तन उशिरा आली आणि बरोबर समेवर पडली.

तुमची तयारी: तारेचं इंटरनेट (वायफायवर गाऊ नका), हेडफोन, बरा माईक, आणि १२८ केबीपीएसचा आवाजाचा प्रवाह शाउटकास्ट (इंटरनेट रेडिओच्या) सर्व्हरवर पाठवणारा कुठलाही प्रोग्राम. त्या सर्व्हरचा पत्ता सेकंड लाइफमधल्या जागेचा मालक आपल्या जमिनीच्या सेटिंगमध्ये टाकतो. इन्व्हर्टर नसेल तर पाळी घेऊ नका, मधेच वीज गेली की रिंगण ताटकळतं.

एक सांगायचं राहिलं. निन्जॅममध्ये लय हळूहळू चढवता येत नाही, आणि ख्याल तर तिथे होणारच नाही. तबल्याचा एकल मात्र होतो.

दादा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. तीनताल, मिनिटाला १२० मात्रा, आवर्तन आठ सेकंदांचं. या वेळी माझी पेटी तुला ऐकू येईल. रविवारी तुझे रात्रीचे नऊ, मी लेहरा धरून बसते.