अमेरिकेला येताना राजकीय मतांचे काय करावे?

पुढच्या वर्षी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर सहकुटुंब न्यू जर्सीला येण्याचे तुमचे जवळपास ठरले आहे आणि त्याआधी तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेच्या राजकारणावर उघडपणे मत मांडले तर व्हिसाला धोका पोहोचतो का, वाहिन्यांवर आणि पॉडकास्टवर बोलणाऱ्या मंडळींपैकी कोणाचे ऐकावे, आणि जगाला मानवी हक्कांचे धडे देणारा हा देश स्वतः किती पाण्यात आहे. मी येथे दोन दशकांहून अधिक काळ राहतो, पण वकील नाही. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते एका जाणत्या रहिवाशाचे मत समजावे. या देशात मताला बंदी नाही, पण मताची किंमत ज्याच्या त्याच्या कागदपत्रांनुसार बदलते, आणि ही गोष्ट इकडे आल्यावर कळण्यापेक्षा तिकडे असतानाच कळलेली बरी.

राज्यघटनेची पहिली दुरुस्ती १७९१ची आहे आणि ती सरकारला भाषणस्वातंत्र्यावर गदा आणण्यास मनाई करते. हे संरक्षण केवळ नागरिकांना आहे, असे तुम्हांला कोणीतरी सांगितले आहे, ते खरे नाही. हॅरी ब्रिजेस या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या गोदी कामगार नेत्याच्या खटल्यात, १९४५ साली, देशात राहणाऱ्या परकीयांनाही भाषणस्वातंत्र्य आहे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मात्र त्याच न्यायालयाने १९५२ साली, शीतयुद्धाच्या भरात, कम्युनिस्ट पक्षाच्या जुन्या सदस्यत्वावरून कायम रहिवाशांना देशाबाहेर घालवणे वैध ठरवले. या दोन निकालांमधली जागा कधीच पूर्ण भरली गेली नाही आणि व्हिसावरचा माणूस नेमका त्या जागेत उभा असतो.

२०२५च्या मार्च महिन्यात ती जागा सगळ्यांना दिसली. कोलंबिया विद्यापीठातील गाझाविषयीच्या आंदोलनात पुढे असलेल्या महमूद खलील यांना ग्रीन कार्ड, म्हणजे कायम रहिवासाचा परवाना, असूनही ताब्यात घेण्यात आले. टफ्ट्स विद्यापीठातील रुमेसा ओझतुर्क या तुर्की विद्यार्थिनीला रस्त्यातून उचलून नेण्यात आले, आणि तिच्याविरुद्ध जगासमोर आलेला ठळक पुरावा म्हणजे विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात तिने इतरांसह लिहिलेला एक लेख. जॉर्जटाउन विद्यापीठातील बदर खान सूरी हे भारतीय संशोधकही काही आठवडे कोठडीत होते. रंजनी श्रीनिवासन ही कोलंबियातील भारतीय विद्यार्थिनी व्हिसा रद्द झाल्यावर कॅनडाला निघून गेली. पहिल्या तिघांची न्यायाधीशांच्या आदेशाने सुटका झाली. गाझाविषयी या मंडळींची मते तुम्हांला पटोत वा न पटोत, लेख लिहिल्याबद्दल कोणाला घरापासून शेकडो मैलांवर डांबून ठेवणे हे माझ्या मते सरळसरळ चूक होते. न्यायालये जागी आहेत हा दिलासा खरा, पण निकाल येईपर्यंतचे आठवडे कोठडीत त्या माणसालाच काढावे लागतात.

आता तुमच्यापुरते सांगतो. व्हिसाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांतील समाजमाध्यमांवरच्या खात्यांची नावे २०१९ पासून द्यावी लागतात. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठीच्या एच-४ व्हिसाच्या अर्जदारांना ती खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यासही सांगितले जाते. म्हणजे तुमच्याबरोबर तुमच्या पत्नीचे खातेही तपासणीत येईल. एखादे खाते लपवणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण तिखट मताबद्दल अधिकारी काय ठरवील ते सांगता येत नाही, पण अर्जातील खोटी माहिती मात्र पुढे प्रत्येक टप्प्यावर आडवी येते. राग आला म्हणून कोणाच्या हत्येवर टाळ्या वाजवणारे, हिंसेचे समर्थन करणारे काही लिहू नये, हे तर कुठल्याही देशात लागू आहे. २०२५च्या सप्टेंबरात चार्ली कर्क या उजव्या विचारांच्या कार्यकर्त्याची हत्या झाली, तेव्हा त्यावर केलेल्या शेऱ्यांवरून काही परदेशी व्यक्तींचे व्हिसा रद्द झाले आणि कितीतरी अमेरिकन नागरिकांच्या नोकऱ्या गेल्या.

नोकऱ्यांचा उल्लेख मुद्दाम केला. पहिली दुरुस्ती सरकारचे हात बांधते, खासगी मालकाचे नाही. मोंटाना वगळता सर्व राज्यांत मालक बहुतेक कारणांवरून, किंवा कारण न देताही, नोकरीवरून काढू शकतो. नागरिक दुसरी नोकरी शोधतो, एच-१बीवरील माणसाला मात्र साधारणपणे ६० दिवसांत नवा मालक गाठावा लागतो, नाहीतर बाडबिस्तरा आवरावा लागतो. त्यामुळे ऑफिसच्या चॅटवर ट्रम्प यांच्या बाजूने किंवा विरुद्ध उचलली जीभ लावली टाळ्याला असे करू नका, एवढे मी तुम्हांला धाकट्या भावासारखे सांगेन.

याहून घातक गोष्ट दिसायला अगदी क्षुल्लक असते. ड्रायव्हिंग लायसन्ससाठी तुम्ही जाल, तेव्हा १९९३च्या कायद्यामुळे बहुतेक राज्यांत त्याच खिडकीवर मतदार नोंदणीचाही प्रश्न येतो. मागे रांग असते, कर्मचारी पाने उलटून सही कुठे करायची ते बोटाने दाखवत असतो, आणि ‘आपण नागरिक आहात का’ हा चौकोन बाकीच्या चौकोनांसारखाच दिसतो. तिथे थांबा, वाचा आणि नोंदणी नाकारा. नागरिक असल्याचा खोटा दावा पुढे ग्रीन कार्डाची वाट कायमची बंद करू शकतो, आणि नागरिकत्वाच्या अर्जात तुम्ही कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का, हे स्पष्ट विचारतात. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत कोणत्याही उमेदवाराला निवडणूक देणगी देणेही बेकायदा आहे. एखाद्याच्या प्रचारात विनामोबदला काम करायला हरकत नाही.

माध्यमांविषयी माझे मत थोडे कडवट आहे. प्रसारण करणाऱ्यांनी वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडाव्यात, हा १९४९चा नियम १९८७ साली रद्द झाला. पुढच्याच वर्षी रश लिम्बॉ या उजव्या विचारांच्या निवेदकाचा रेडिओ कार्यक्रम देशभर ऐकू जाऊ लागला आणि १९९६ साली एमएसएनबीसी व फॉक्स न्यूज या वाहिन्या सुरू झाल्या. केबलला तो नियम तसाही लागू नव्हता, पण चीड विकली जाते हे सर्वांना कळून चुकले. २०२०च्या निवडणुकीतील गैरप्रकारांचे जे आरोप पडद्यावरून झाले, त्यांवर खुद्द फॉक्सच्या काही निवेदकांचाच खासगीत विश्वास नव्हता, हे डोमिनियन या मतदान यंत्रांच्या कंपनीने केलेल्या खटल्यातील कागदपत्रांत उघड झाले आणि २०२३ साली वाहिनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून तडजोड करावी लागली. दुसऱ्या बाजूला, बायडेन यांच्या वयाचा प्रश्न २७ जून २०२४च्या वादचर्चेत साऱ्या देशाने डोळ्यांनी पाहिला, तोवर सहानुभूती असणाऱ्या अनेक पत्रकारांनी तो टाळला होता. जिमी किमेल या विनोदी निवेदकाचा कार्यक्रम २०२५ साली, सरकारी प्रसारण आयोगाच्या अध्यक्षांनी धमकीवजा भाषा केल्यानंतर, काही दिवस बंद ठेवला गेला, ही मला यांतली सर्वांत गंभीर घटना वाटते. निवेदक आवडतो की नाही हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे.

कोणाचे ऐकावे याचे उत्तर म्हणून मी एकही प्रसिद्ध चेहरा सुचवणार नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बातम्या वाचा, सी-स्पॅन वाहिनीवर काँग्रेसचे, म्हणजे इकडच्या संसदेचे, कामकाज कापाकापीशिवाय दिसते ते अधूनमधून पाहा, आणि तुमच्या गावच्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्कूल बोर्डाच्या सभेला एकदा जाऊन बसा. आमच्याकडे ध्वनिवर्धकासमोर रांग लागते, प्रत्येकाने नाव आणि पत्ता सांगायचा, समोर घड्याळ उलटे मोजत असते, आणि वेळ संपली की अध्यक्ष शांतपणे ‘थँक यू’ म्हणतात. तिथे एक आजोबा मालमत्ता कर वाढल्याबद्दल तावातावाने बोलतात आणि त्यांच्यामागे उभी असलेली आई त्याच पैशातून विशेष शिक्षणाचा शिक्षक मागते. न्यू जर्सीत या कराचा निम्म्याहून अधिक हिस्सा शाळांकडे जातो, त्यामुळे हे भांडण प्रत्येक घराच्या खिशाचे आहे. परकीयालाही तिथे बोलता येते. आपल्या पॉटलकमध्ये केबल वाहिन्यांवरची वाक्ये एकमेकांच्या अंगावर फेकणारे मराठी बांधव या सभेत क्वचितच दिसतात, हे खेदाने नमूद करतो.

मानवी हक्कांबद्दल गफलत होते, कारण इकडे हक्क म्हणजे मुख्यतः सरकारने काय करू नये याची यादी. बोलू द्यावे, प्रार्थना करू द्यावी, वॉरंटशिवाय घरात शिरू नये. आरोग्य किंवा निवारा त्या यादीत नाही. १९८६च्या कायद्यामुळे आणीबाणीतील रुग्णाला रुग्णालय परत पाठवू शकत नाही, पण बिल मात्र पाठवते. मुलांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता न दिलेला संयुक्त राष्ट्रांचा हा एकमेव सदस्य देश आहे. २४ जून २०२२च्या निकालाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला आणि तो प्रश्न राज्यांकडे आला. तुम्ही न्यू जर्सीला येता आहात की टेक्ससला, याने तुमच्या पत्नीच्या बाबतीत प्रत्यक्ष फरक पडतो. तेव्हा ‘अमेरिकेत मानवी हक्क कसे आहेत’ असे विचारण्यापेक्षा कोणत्या राज्यात, कोणाचे आणि कोणता हक्क, असे विचारावे.

आपल्या लोकांचे एक वागणे मात्र मला सहन होत नाही. कृष्णवर्णीयांविषयी हलके बोलणाऱ्यांना आपण इथवर कसे आलो, याची गंधवार्ता नसते. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणसाला गोरा मानण्यास नकार देऊन नागरिकत्वाचे दार लावून घेतले. ते १९४६ साली किलकिले झाले आणि राष्ट्रीयत्वावर आधारलेला स्थलांतरितांचा जुना कोटा १९६५ साली रद्द झाला, तो नागरी हक्क चळवळीने घडवलेल्या वातावरणातच. मतदानाच्या हक्काचा कायदाही त्याच वर्षीचा. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबियात शिकले आणि १९४६ साली त्यांनी ड्यू बॉईस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून इकडच्या कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाविषयी विचारणा केली. मुंबईत १९७२ साली उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर नावच इकडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतले.

हे येणे-जाणे आता उलट दिशेनेही सुरू आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये सिॲटलने जातीवरून भेदभाव करण्यास शहराच्या कायद्याने बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तशाच आशयाचे विधेयक मंजूर केले, पण गव्हर्नर न्यूसम यांनी सध्याच्या कायद्यांत ही बंदी आधीच येते असे कारण देऊन ऑक्टोबर २०२३मध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. मी त्यांच्या जागी असतो तर सही केली असती. नव्या ऑफिसात मराठी सहकारी भेटला की आडनाव आणि गाव विचारून जात काढण्याची जी सवय आपल्याकडे खपून जाते, ती मुंबईच्या विमानतळावरच सोडून या, कारण इकडे तिची लेखी तक्रार होऊ शकते आणि ती तुमच्या व्यवस्थापकाच्याही वर जाऊ शकते.