वाचकांचे प्रश्न : म्हातारपणी आकडी आणि मेंदूचा एमआरआय

प्रश्न : आमचा नऊ वर्षांचा लॅब्राडॉर दीड महिन्यापासून घरात सतत डावीकडे गोल फिरतो, ताटलीतले उजव्या बाजूचे अन्न तसेच ठेवतो आणि गेल्या पंधरवड्यात त्याला दोनदा आकडी आली. रक्ततपासणी व डोक्याचा एक्स-रे सामान्य आहे. डॉक्टर एमआरआय सुचवतात. या वयात त्याला भूल झेपेल का, आणि कर्करोग आहे की नाही, हे नक्की कळेल का?

उत्तर : ताटलीविषयीचे आपले निरीक्षण फार मोलाचे आहे. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाला इजा झाली की कुत्र्याला उजव्या बाजूचे भान राहत नाही आणि तो डावीकडे वळत राहतो. म्हणजे दोष कुठे शोधायचा, हे त्या उरलेल्या घासांनीच सांगितले आहे. डोक्याच्या एक्स-रेमध्ये कवटीचे हाड दिसते, मेंदू दिसत नाही, त्यामुळे तो सामान्य असल्याचा दिलासा मानू नये. पहिली आकडी पाच-सहा वर्षांच्या वयानंतर आली, तर मेंदूतील गाठीची शंका घ्यावीच लागते.

तरीही मी आधी छातीचे एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी करून घेईन, कारण प्लीहेतील किंवा अन्य अवयवातील कर्करोग मेंदूत पसरलेला असू शकतो आणि तसे आढळले, तर पुढचा खर्च व भूल दोन्हींचा विचार बदलतो. हृदय, यकृत व मूत्रपिंडे ठीक असतील, तर केवळ वयामुळे भूल टाळण्याचे कारण नाही. मात्र मेंदूवरील दाब वाढलेला असू शकतो, म्हणून भूलतज्ज्ञ अनुभवी असावा. सीटी स्कॅन लवकर होतो, परंतु मेंदूच्या मऊ ऊतींचा तपशील, विशेषतः मेंदूच्या मागच्या व खालच्या भागातला, एमआरआयमध्येच नीट दिसतो.

कुत्र्यांमध्ये मेंदूची सर्वाधिक आढळणारी प्राथमिक, म्हणजे तिथेच सुरू होणारी, गाठ म्हणजे मेनिंजिओमा. ती मेंदूच्या आवरणातून वाढते, रुंद बैठकीने कवटीला लागून असते आणि शिरेतून गॅडोलिनियम (स्कॅनमध्ये गाठ उठून दिसावी म्हणून देतात ते द्रव्य) दिल्यावर बहुधा ठळक उजळते. ग्लिओमा ही दुसरी गाठ. तो मेंदूच्या आतच वाढतो, त्याच्या कडेला कधी कधी उजळ वलय दिसते, आणि बॉक्सर किंवा फ्रेंच बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत तो अधिक आढळतो. पण मेंदूचा दाह किंवा पक्षाघातही (मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून आलेला झटका) गाठीसारखा दिसू शकतो, आकडीनंतर काही दिवस मेंदूत तात्पुरते बदलही दिसतात. त्यामुळे एमआरआय दाट शक्यता सांगतो, खात्री मात्र ऊतींचा तुकडा तपासल्यावरच होते. पक्षाघात एकाएकी येतो आणि पुढे बहुधा ओसरतो. आपल्या कुत्र्याचा त्रास वाढतो आहे, म्हणून मला गाठ अधिक संभवनीय वाटते.

तब्येत तग धरत असेल, तर स्टेरॉइड (सूज व दाह कमी करणारे औषध) स्कॅननंतरच सुरू करावे, कारण त्याने दाहाच्या खुणा पुसट होतात. आकडीचे औषध मात्र भुलेसाठी उपाशी ठेवलेल्या सकाळीही, डॉक्टरांना विचारून, चुकवू नका. आणि आकडी पाच मिनिटांपेक्षा लांबली, तर स्कॅनच्या तारखेची वाट न पाहता तत्काळ दवाखाना गाठा.