गाडी तुमचीच, पण रविवारी कळवलंत म्हणून

मँचेस्टरहून एकांचा मेल आलाय, थोडक्यात सांगतो. शनिवारी संध्याकाळी यांनी जुनी गाडी ३,८०० पाउंडांना विकली. घेणारा म्हणाला मी डॉक्टर, गळ्यात हॉस्पिटलचं फोटोवालं कार्ड, मोबाईलवर 'पेमेंट झालं' असं दाखवलं आणि गाडी घेऊन गेला. पैसे आलेच नाहीत, आणि त्या नावाचे डॉक्टर खरंच आहेत पण ते हे नव्हेत. रविवारी सकाळी पोलिसांना कळवलं. मंगळवारी त्या भामट्याने पेट्रोल पंपावर एका तिसऱ्याला ती १,५०० कॅशमध्ये विकली, लॉगबुकशिवाय, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाशिवाय. आता विचारतायत की गाडी कोणाची, आणि "दुसरी चावी माझ्याकडेच आहे, रात्री जाऊन आणू का?"

चावीचं आधी बोलू. नका आणू हो! केस तुमची आहे, उगाच तुमच्यावरच चोरीची तक्रार व्हायची.

आता कायदा. तोतया समोर उभा राहून बोलला असेल तर इंग्लंडची कोर्टं साधारण असं मानतात की तुम्ही समोरच्या माणसालाच विकलंत, नाव खोटं असलं तरी. म्हणजे सौदा झाला, फक्त तो तुम्हाला रद्द करता येतो, आणि रद्द करायच्या आधी कोणी प्रामाणिकपणे विकत घेतली तर गाडी त्याची. १९६९ मध्ये लुईस नावाच्या विद्यार्थ्याने आपली मिनी ४५० पाउंडांना अशीच घालवली, घेणाऱ्याने मी रॉबिन हूडचं काम करणारा नट असं सांगून पाइनवुड स्टुडिओचा पास दाखवला, चेक चोरीच्या चेकबुकातला, आणि गाडी पुढे दुसऱ्या विद्यार्थ्याला २०० ला विकली. कोर्टात लुईस हरला.

पण तुमचं तसं नाही, कारण तुम्ही रविवारीच कळवलंत. कॉल्डवेल नावाच्या माणसाची जॅग्वार १९६० मध्ये अशीच गेली, चेक परत आल्यावर तो लगेच पोलिसांकडे आणि ऑटोमोबाईल असोसिएशन या गाडीवाल्यांच्या संघटनेकडे गेला, आणि कोर्टाने म्हटलं की भामटा सापडतच नाही तर त्याला सांगणार कसं, एवढं केलं तरी सौदा रद्द झाला.

एक खोच आहे मात्र. रद्द केल्यानंतरही, गाडी ताब्यात असलेल्याने ती डीलर विकतात तशा रीतीने विकली आणि घेणारा प्रामाणिक असेल तर गाडी त्याचीच राहू शकते, लंडनच्या वॉरेन स्ट्रीटवर जुन्या गाड्यांचा रस्त्यावरच बाजार भरायचा तिथल्या एका सौद्यात असंच झालं होतं. तुमच्याकडे पेट्रोल पंप, निम्म्याहून कमी भाव आणि लॉगबुक नाही, याला बाजार म्हणणं अवघड जाईल असं मला वाटतं.

दावा भामट्यावर नाही, तिसऱ्या माणसावर करायचा, 'कन्व्हर्शन'चा, म्हणजे दुसऱ्याची वस्तू आपली समजून ठेवल्याचा. याचा जुना अवतार म्हणजे ट्रोव्हर, गंमत अशी की त्यात फिर्यादीने खोटंच लिहायचं, माझी वस्तू हरवली आणि ती प्रतिवादीला सापडली. फसवणुकीवरचा इलाज आणि तोही थापेने सुरू! १८५२ मध्ये हे लिहिणं बंद झालं. आज कोर्ट बहुतेक गाडीऐवजी किंमत देतं, गाडीच परत द्या म्हणणं त्यांच्या मर्जीवर. रक्कम १०,००० च्या आत आहे म्हणून स्मॉल क्लेममध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांत बसेल.

तर आधी त्या माणसाला साधं पत्र पाठवा, गाडी माझी आहे, १४ दिवसांत परत करा. आणि रविवारचा पोलिसांचा क्राइम रेफरन्स नंबर, कॉलची वेळ आणि कॉल लॉगचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, मोबाईल बदलायच्या आधी.