मुलगा दिवसरात्र ऑनलाइन गेमच्या जगात असतो. त्याला खरे मित्र नाहीत, सगळे स्क्रीनवरचे. यात काही फायदा असतो, की नुसतं नुकसान? बंद करावं का?

तुमचा प्रश्न वाचला आणि 'त्याला खरे मित्र नाहीत, सगळे स्क्रीनवरचे' या वाक्याशी अडले. आमचा मामा हेच म्हणायचा, अजूनही म्हणतो.

माझा धाकटा भाऊ बाइकवरून पडला, मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं. आम्ही मिरजेत तिसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नव्हती. कॉलेजचे मित्र सुरुवातीला आले, मग कुणी नोकरीला पुण्याला गेला, कुणाचं लग्न झालं, येणं थांबलं. त्यांना मी दोष देत नाही. 'चार माणसांत मिसळ, बाहेर पड' असं सांगणाऱ्या नातेवाइकांना देते, कारण त्याला उचलून खाली न्यायला त्यातला एकही आला नाही.

तो वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा अनेकांनी मिळून खेळायचा ऑनलाइन गेम खेळायला लागला, युरोपच्या सर्व्हरवर, म्हणजे तिकडच्या खेळाडूंबरोबर. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र. तो हीलर होता, लढाईत बाकीच्यांना जिवंत ठेवणारा. २५ जणांच्या रेडमध्ये, म्हणजे गटाने मिळून करायच्या मोठ्या चढाईत, असे पाच-सहाच असतात. ऐन वेळी एक जरी गळाला तरी सगळा गट मरू शकतो आणि लढाई पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे रात्री साडेबाराला २४ माणसं माझ्या भावाची वाट बघत असायची. आमच्या उंबऱ्याबाहेर तेव्हा त्याची वाट बघणारं दुसरं कुणी नव्हतं. फायदा विचारलात ना, तो हा.

२०१० च्या दिवाळीत मामा राहायला आला होता. भावाचा गट आइसक्राउन सिटाडेल या गेममधल्या किल्ल्यात लिच किंग या शेवटच्या शत्रूपाशी बरेच आठवडे अडकला होता, आणि त्या रात्री जमत आलं होतं. मामा पाणी प्यायला उठला, 'अपरात्री कुणाशी बोलतोस रे?' म्हणाला आणि उत्तर न ऐकताच राउटरची पिन काढली. वर भाषण, की असल्या भुतांपायी घरची माणसं तुटतात. भाऊ एक शब्द बोलला नाही. मी बोलले. हॉस्पिटलात फळं ठेवून दहा मिनिटांत गेलेल्या माणसाने घरची माणसं कोण हे आम्हाला सांगू नये, असं तोंडावर म्हणाले. मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही.

सकाळी भावाच्या इनबॉक्समध्ये मेसेजची रांग होती. फिनलंडची एक नर्स त्यांच्या गटात होती. तब्येत बिघडली का, असं तिने विचारलं होतं.

किंमत मात्र पडते, आणि ती खेळणाऱ्यापेक्षा घरातली बाई जास्त भरते. चार-चार तास न हलता बसल्यामुळे भावाला बेडसोअर झाला, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम. ड्रेसिंग आई करायची. रात्री दोनला ताट गरम करून तीच द्यायची, पहाटे पाण्यासाठी उठायचीही तीच. पाहुणे आले की भाऊ खोलीचं दार लावून घ्यायचा आणि आई सगळ्यांना कारणं सांगत बसायची. आभासी जगाच्या सामाजिक परिणामांवर बोलणारे विद्वान या ताटाबद्दल कधी बोलत नाहीत.

जखमेचं त्या नर्सला कळलं, तेव्हा गटाने दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं थांबायचं ठरवलं. त्या पाच मिनिटांत भाऊ हातांवर जोर देऊन अंग उचलायचा. हे आम्ही घरात सांगून थकलो होतो.

नॉर्वेच्या मॅट्स स्टीनबद्दल मुलाच्या शेजारी बसून वाचा. तोही वॉरक्राफ्ट खेळायचा. त्याला स्नायू झिजत जाणारा ड्युशेन हा आजार होता. २०१४ मध्ये, २५ व्या वर्षी तो गेला. आईवडिलांना वाटायचं पोरगा एकटाच जगला. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि देशोदेशींहून ईमेल यायला लागले. गेममधले काही मित्र अंत्यविधीलाही आले.

तुमचा मुलगा धडधाकट असेल तर सगळं असंच लागू होणार नाही, हे मान्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर हा आजार आहे. पण तिथे नुसते तास मोजलेले नाहीत. खेळण्यावर ताबा उरलेला नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललंय, असं असेल तर डॉक्टर गाठा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत यासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे. पैसे लावून खेळायच्या रमी-बिमीबद्दल मी बोलत नाहीये, तो जुगार आहे, तो बंदच करा.

बाकी, गेम बंद करण्याआधी मुलगा तिथे काय काम करतो ते विचारा. त्याची लढाई किती वाजता संपते ते विचारा, जेवण त्याआधी आटपा आणि रात्रीचं ताट त्याचं त्याला घेऊ द्या, धुवायलाही लावा. आणि कुणी काका-मामा राउटरकडे हात नेऊ लागला तर तुम्ही मुलाच्या बाजूने उभे राहा. आमच्या घरात त्या रात्री माझ्याशिवाय कुणीच उभं राहिलं नाही.