बेसबॉलच्या मायनर लीगमधील फलंदाज पुढे टिकेल की नाही, हे सरासरीवरून ओळखता येते का?

तुमच्या मुलाचा आवडता बेसबॉलपटू डबल ए पातळीवर, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्तराच्या दोन पायऱ्या खाली, ०.२३५ च्या सरासरीने (हजार संधींत २३५ वेळा फटका मारून बेस गाठणे) खेळतो आहे, तो मेजर लीगपर्यंत पोहोचेल का आणि सरासरीवरून तसा अंदाज बांधता येतो का, असे तुम्ही विचारले आहे. सरासरीवरून तो मुळीच बांधता येत नाही. त्याचे वय किती, तो किती वेळा स्ट्राइकआउट होतो (तीन स्ट्राइक, म्हणजे चुकलेले किंवा सोडलेले योग्य चेंडू, झाल्यावर बाद होतो), त्याला वॉक (चार चेंडू बाहेर पडल्यामुळे फुकट मिळणारा पहिला बेस) किती मिळतात आणि तो कोणत्या मैदानांवर खेळतो, एवढे कळल्याशिवाय जो कोणी छातीठोकपणे 'हो' किंवा 'नाही' म्हणेल, त्याचे ऐकू नये.

मी न्यू जर्सीत ब्रिजवॉटरजवळ राहतो. येथील सॉमरसेट पेट्रियट्स हा संघ २०२१ पासून न्यूयॉर्क यांकीज या मेजर लीग संघाचा डबल ए संघ आहे. त्याआधी हे स्थान ट्रेंटनच्या संघाकडे होते. मायनर लीगची फेररचना होऊन संलग्न संघांची संख्या १२० वर आणली गेली, तेव्हा ते इकडे आले. रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या या मैदानात होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या जागेच्या, मागे बसून मी प्रत्येक फलंदाजाबद्दल एकच गोष्ट वहीत टिपत आलो आहे: स्ट्राइक झोनच्या (ज्या काल्पनिक चौकटीतून गेलेला चेंडू योग्य धरतात तिच्या) बाहेर पडलेल्या चेंडूंपैकी त्याने किती सोडून दिले आणि किती चेंडूंवर बॅट फिरवली. खालच्या पातळीवर केवळ फास्टबॉलवर पोट भरणारे फलंदाज डबल एमध्ये उघडे पडतात, कारण स्लायडर आणि कर्व्हबॉल हे वळणारे चेंडू हवे तेव्हा झोनमध्ये किंवा झोनच्या किंचित बाहेर टाकू शकणारे पिचर (चेंडू टाकणारे) त्यांना येथे पहिल्यांदा रोज भेटू लागतात.

या विषयावर माझा आणि माझ्या साडूंचा वाद फार जुना आहे, आणि तुमचा प्रश्न वाचताच तो मला आठवला. साडू पुण्यात क्लब क्रिकेट खेळले आहेत, पुढे त्यांनी मुलांचे संघही निवडले आहेत, आणि जे डोळ्यांना दिसते तेच खरे, आकडे नंतर, असे त्यांचे ठाम मत आहे. माझा धाकटा भाऊ शाळकरी वयात सबंध हंगाम धावा करत होता. निवड चाचणीच्या दिवशी मात्र त्याला नेटमध्ये मोजकेच चेंडू खेळायला मिळाले, त्यांतले काही कडेला लागले, आणि शेजारच्या नेटमध्ये उंच फटके मारणाऱ्या एका धिप्पाड मुलाची निवड झाली. "समितीने योग्यच केले, अंगकाठी पाहावीच लागते," असे साडू त्या वेळी आमच्या घरी बसून म्हणाले होते. हंगामभराची नोंद समोर असताना दहा मिनिटांच्या दर्शनावर निर्णय घेणे हा खेळाडूवर अन्याय आहे, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.

२०२३ च्या उन्हाळ्यात साडू आमच्याकडे राहायला आले आणि आम्ही बरेच सामने एकत्र पाहिले. त्या वेळी बेन राइस सॉमरसेटकडून खेळत होता. डार्टमथसारख्या, बेसबॉलपेक्षा अभ्यासासाठी ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठातून आलेला हा खेळाडू २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (मेजर लीग संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्या वार्षिक निवडीत) बाराव्या फेरीत, एकूण ३६३ वा निवडला गेला होता. हे सांगताच साडू म्हणाले, "म्हणजे तीनशे बासष्ट जण याच्या आधी घेतले, आणि वय चोवीस. याच्यात वेळ घालवू नका." मी त्यांना वही दाखवली. दोन स्ट्राइक झाल्यावर बाहेर जाणारा खालचा स्लायडर राइस ज्या सहजतेने सोडत असे, तसा सोडणारा दुसरा फलंदाज मला त्या संघात दिसत नव्हता. त्या वर्षी तीन पातळ्यांवरच्या ७३ सामन्यांत त्याने ०.३२४ ची सरासरी आणि २० होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे, मैदानाबाहेर गेलेले फटके) नोंदवले, त्यांतले १६ सॉमरसेटच्या ४८ सामन्यांतले. परंतु मला भरवसा वाटला तो ०.४३४ या आकड्यामुळे, म्हणजे तो किती वेळा बेसवर पोहोचला त्या प्रमाणामुळे.

जून २०२४ मध्ये राइस यांकीजकडून खेळू लागला आणि ६ जुलै रोजी बोस्टन रेड सॉक्सविरुद्ध त्याने एकाच सामन्यात तीन होम रन मारले. यांकीजच्या कोणत्याही नवोदिताने त्यापूर्वी तसे केले नव्हते. तरीही ५० सामन्यांनंतर त्याची सरासरी केवळ ०.१७१ भरली, आणि साडूंनी पुण्याहून तो आकडा मला आवर्जून पाठवला. आकडे नंतर पाहावेत म्हणणाऱ्या गृहस्थांनी नेमकी सरासरीच पुढे करावी, याचे मला वाईट वाटले. त्या पन्नास सामन्यांतही चेंडू बॅटवरून वेगाने सुटत होता आणि झोनबाहेरचे चेंडू तो सोडतच होता. स्ट्राइकआउटचे प्रमाण साठ-सत्तर संधींत बऱ्यापैकी स्थिर होते, परंतु सरासरी अख्ख्या हंगामातही स्थिरावत नाही, कारण मारलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो की दोघांच्या मधून, हे फलंदाजाच्या ताब्यात नसते. २०२५ मध्ये त्याच राइसने मेजर लीगमध्ये २६ होम रन मारले.

आता ज्या नावावर आमचा वाद सध्या अडला आहे, त्या स्पेन्सर जोन्सविषयी. सहा फूट सहा इंच उंची, डावखुरी फलंदाजी, २०२२ च्या ड्राफ्टमधील पहिल्या फेरीची निवड. त्याला पाहिल्यावर साडूंना यांकीजचा प्रसिद्ध फलंदाज ॲरन जज आठवतो. जजसुद्धा पुष्कळ स्ट्राइकआउट होत असे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. जजने २०१६ मध्ये मेजर लीगमधल्या पहिल्या ८४ अधिकृत संधींत ४२ स्ट्राइकआउट पाहिले, सरासरी ०.१७९ होती, आणि पुढच्याच वर्षी ५२ होम रन मारले, हे खरे आहे. पण तुलना समान पातळीवर करावी. डबल ए आणि त्याच्या वरच्या ट्रिपल एमध्ये जजचे प्रमाण साधारण चार संधींमागे एक स्ट्राइकआउट असे होते. जोन्स २०२४ मध्ये सॉमरसेटकडून १२२ सामन्यांत २०० वेळा स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन संधींमागे एकाहून अधिक. ज्याला डबल एचे पिचर इतक्या वेळा चकवतात, त्याला त्याहून चांगले पिचर कमी चकवतील असे मानायला काहीच आधार नाही. दोघांची उंची जवळपास सारखी आहे, आणि फलंदाज म्हणून त्यांच्यातले साम्य मला तेवढेच दिसते.

मैदान आणि लीग यांचाही हिशेब करावा लागतो. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या अल्बुकर्कीत हवा विरळ असल्यामुळे चेंडू लांब जातो आणि वळणारे चेंडू कमी वळतात, त्यामुळे तेथील ट्रिपल ए फलंदाजाचे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. मुंबईच्या पावसाळ्यात कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवर काढलेल्या चाळीस धावांची किंमत ज्याला कळते, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ट्रिपल एमधल्या चेंडूच्या वेगाची मोजमापे २०२३ पासून सर्वांना खुली आहेत. तुमच्या मुलाचा खेळाडू तेथवर पोहोचला तर ती अवश्य पाहा.

त्याचे वय तुम्ही लिहिलेले नाही. तो एकवीस वर्षांचा असेल, चार संधींमागे एकाहून कमी वेळा स्ट्राइकआउट होत असेल आणि वॉकही मिळवत असेल, तर ०.२३५ ची काळजी करू नका. तो पंचवीस वर्षांचा असून तीन संधींमागे एकदा स्ट्राइकआउट होत असेल, तर सरासरी ०.२९० असती तरी मी आशा धरली नसती. डबल एमधले फलंदाज साधारण तेवीस-चोवीस वर्षांचे असतात, त्यामुळे त्यांच्याहून लहान असलेल्याला अधिक सवलत द्यावी. वयाचा नियम राइसला लागू पडला नाही, हे मान्य आहे. पिचर काय टाकणार हे आधी ओळखणारा फलंदाज उशिराही पुढे येऊ शकतो. शिवाय फलंदाजी म्हणजे सगळे काही नव्हे. अँथनी व्होल्पीने २०२२ मध्ये सॉमरसेटकडून ०.२५१ ची सरासरी राखली आणि २०२३ मध्ये यांकीजकडून ०.२०९ ची, तरी तो शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) जागेवर टिकला, कारण त्याच वर्षी क्षेत्ररक्षणासाठी त्याला गोल्ड ग्लव्ह हा पुरस्कार मिळाला. तुमचा खेळाडू शॉर्टस्टॉप किंवा कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा), म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या अवघड जागेवरचा असेल, तर वर लिहिलेल्या अटी थोड्या सैल कराव्यात. फर्स्ट बेससारख्या त्या मानाने सोप्या जागेवर खेळत असेल, तर त्या अधिक कडक कराव्यात.

जोन्सने २०२५ मध्ये डबल ए आणि ट्रिपल ए मिळून ३५ होम रन मारले, आणि ते मारले तेव्हा साडूंचा फोन आला होता. त्या हंगामातही त्याचे स्ट्राइकआउटचे प्रमाण तीनास एक याच्या वरच राहिले. ते चारास एकच्या जवळ आले, तर त्याच्याविषयीचे मत मी आनंदाने बदलेन. होम रन पन्नास झाले तरी तेवढ्यावरून बदलणार नाही, आणि साडूंनाही मी हेच कळवले आहे.