वाचकांचे प्रश्न : ‘सेट’ या शब्दाचे करायचे काय?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे मराठवाड्यातून आली असून, योगायोगाने चौघांचीही अडचण एकाच इंग्रजी शब्दाशी येऊन थांबते. म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या शेतरस्त्याच्या वादात तहसीलदारांनी दिलेला आदेश उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ‘क्वॅश्ड अँड सेट असाइड’ केला, असे इंग्रजी निकालपत्रात लिहिले आहे. गावातल्या जाणत्या मंडळींचे म्हणणे असे, की आदेश तूर्त बाजूला ठेवला आहे, तो केव्हाही पुन्हा बाहेर निघेल. शब्दकोशातही ‘बाजूला ठेवणे’ असाच अर्थ सापडला. मग निकाल आमच्या बाजूने लागला की नाही?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : शब्दकोश चुकलेला नाही, पण त्यात पहिला दिलेला अर्थ तुमच्या उपयोगाचा नाही. न्यायालयाच्या भाषेत ‘सेट असाइड’ म्हणजे रद्द करणे, त्यामुळे तहसीलदारांचा तो आदेश कायद्याच्या दृष्टीने आता उरलेला नाही. आदेशाची अंमलबजावणी तूर्त थांबवायची असेल तर न्यायालय ‘स्टे’ हा निराळा शब्द वापरते. त्याला आपण स्थगिती म्हणतो, आणि स्थगिती उठली की मूळ आदेश पुन्हा लागू होतो. रद्द झालेल्या आदेशाचे तसे होत नाही. ‘क्वॅश’ आणि ‘सेट असाइड’ ही दोन क्रियापदे शेजारी शेजारी पाहून दोन वेगळ्या गोष्टी घडल्या असे समजण्याचे कारण नाही. कायद्याच्या भाषेला अशी जोडी लावण्याची सवयच असते, आणि आपल्या ‘रद्दबातल’ या शब्दातले ‘रद्द’ आणि ‘बातल’ हे दोन्ही अरबीतून आलेले भागही एकच गोष्ट दोनदा सांगतात.

मात्र निकालपत्र त्या वाक्यावर थांबून मिटवू नका. त्यापुढे ‘रिमांड’ किंवा ‘रिमिटेड बॅक’ असे शब्द असतील, तर जुना आदेश रद्द करून प्रकरण नव्याने सुनावणीसाठी खालच्या अधिकाऱ्याकडे परत पाठवले आहे, असा त्याचा अर्थ होतो. तसे असेल तर रस्ता कोणाचा हा मुद्दा अजून उघडाच आहे, आणि तहसीलमध्ये पुढची तारीख पडल्यावर गैरहजर राहून चालणार नाही. अशा वेळी निकाल बाजूने लागला हे खरे, पण वाद मिटला हे खरे नाही. याशिवाय समोरच्या पक्षाला वरच्या न्यायालयात जाण्याची वाट मोकळी असते, तेव्हा शेवटच्या परिच्छेदातील प्रत्येक ओळ आपल्या वकिलांकडून समजून घ्या.

हाच शब्दप्रयोग तुम्हाला आणखी दोन ठिकाणी भेटू शकेल. दिवाणी दाव्यात प्रतिवादी हजर झाला नाही म्हणून एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर तो रद्द करून घेण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9, नियम 13 मध्ये आहे, आणि तिथे ‘सेट असाइड’च म्हटलेले आहे. लवादाचा निवाडा रद्द करून मागण्याचा अर्ज 1996 च्या लवाद कायद्याच्या कलम 34 खाली होतो, तिथेही तेच शब्द आहेत. महामार्गासाठी जमीन गेलेल्या आणि मोबदल्यासाठी लवादापुढे गेलेल्या शेतकऱ्यांच्या कागदांत हे कलम हमखास दिसते. याउलट अर्थसंकल्पात एखाद्या योजनेसाठी रक्कम ‘सेट असाइड’ केली असे वाचलेत, तर तिथे रद्द काहीच झालेले नाही, रक्कम राखून ठेवली आहे. शब्द तेच असले तरी मागे आदेश आहे की पैसा आहे, यावर सगळा अर्थ फिरतो.

जाता जाता ‘सेट-ऑफ’विषयीही सांगून ठेवतो, कारण तो ‘सेट असाइड’चा भाऊ समजला जातो आणि तसा तो नाही. सेट-ऑफ म्हणजे वजावट. आरोपीने खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, ती तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 428 मध्ये होती आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 468 मध्ये आहे. जुन्या हिशेबांत या वजावटीला ‘मुजरा’ म्हणत. हा शब्द आज केवळ नाचगाण्यापुरता किंवा नमस्कारापुरता उरला, याची हळहळ वाटते.

प्रश्न : मी नववी-दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. ‘सेट’चे अर्थ मुले यादी करून पाठ करतात आणि उताऱ्यात शब्द आला की नेमका चुकीचा अर्थ लिहितात. तीन अक्षरांच्या शब्दाला इतके अर्थ का असावेत, आणि ते शिकवायचे तरी कसे?
— एक शिक्षिका, परभणी

उत्तर : बाई, यादी पाठ करून हा शब्द कोणाच्याच हाती लागलेला नाही. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या वीस खंडी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’चीच होती. एकट्या क्रियापदाचे सुमारे 430 अर्थ आणि त्यांच्या स्पष्टीकरणासाठी साठेक हजार शब्द, म्हणजे एक लहान पुस्तकच म्हणा ना. पुढच्या आवृत्तीच्या कामात हा मान ‘रन’कडे गेला असून त्याच्या क्रियापदाचे 645 अर्थ मोजले गेले आहेत.

इतके अर्थ होण्याचे एक कारण असे, की ‘सेट’ हा दिसायला एक असला तरी त्यात दोन निरनिराळे प्रवाह मिसळले आहेत. क्रियापद मूळचे इंग्रजी आहे. प्राचीन इंग्रजीत ते ‘सेटन’ असे होते आणि ते ‘सिट’ म्हणजे बसणे या क्रियापदाचे प्रयोजक रूप होय. आपल्याकडे बसणे आणि बसवणे यांचे जे नाते, तेच सिट आणि सेट यांचे. समूह किंवा संच या अर्थाच्या नामात मात्र जुन्या फ्रेंचमधून आलेल्या एका शब्दाचाही अंश आहे, आणि त्याचे मूळ अनुयायी या अर्थाच्या लॅटिन ‘सेक्टा’ शब्दात सापडते. पंथाला इंग्रजीत ‘सेक्ट’ म्हणतात ते त्याच शब्दावरून. म्हणून टी-सेटमधला सेट आणि घड्याळ सेट करण्यातला सेट यांचा बळेच मेळ घालण्याचा खटाटोप करू नये.

क्रियापदाचे मूळ आणखी मागे नेले तर ते संस्कृतातील ‘सद्’ या बसण्याच्या धातूशी जाऊन मिळते. सदन, परिषद, संसद, उपनिषद, आसंदी हे शब्द त्या धातूचे, आणि तिकडे सीट, सेटल, सॅडल, तसेच लॅटिनमार्गे आलेले सेशन आणि प्रेसिडेंट हेही त्याच घराण्यातले. आपला ‘बसणे’ मात्र या घराण्यातला नव्हे. तो ‘उपविश्’पासून, जुन्या मराठीतील ‘बैसणे’ या रूपावरून आला आहे. तरीही अर्थाच्या वाटेने तो ‘सेट’च्या किती जवळून चालतो पाहा. निखळलेले हाड बसवतात, अंगठीत खडा बसवतात, विहिरीवर मोटर बसवतात, आणि या तिन्ही जागी इंग्रजीत ‘सेट’ चालतो. मुलांना आधी हे ‘बसवणे’ द्या. एखादी गोष्ट तिच्या जागी नीट, हलणार नाही अशी ठेवणे हा गाभा कळला, की दिवस ठरवणे, घड्याळाचा गजर लावणे, प्रश्नपत्रिका काढणे, पायंडा पाडणे, सापळा लावणे हे अर्थ त्यातून आपोआप निघताना दिसतात. करवतीला ‘सेट’ देतात तेव्हा तिचे दात आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवून बसवतात, म्हणजे काप पात्यापेक्षा थोडा रुंद पडतो आणि करवत लाकडात अडकत नाही. गावातल्या सुताराकडे मुलांना एकदा हे प्रत्यक्ष दाखवता आले तर अवश्य दाखवा.

गाभ्याच्या या वाटेलाही हद्द आहे, आणि ती लपवू नये. ‘द सन सेट्स’ मध्ये सूर्य कोणाला बसवत नाही, तो स्वतःच खाली बसतो. आपण त्याला मावळणे म्हणतो. ‘सेट इन’ म्हणजे थंडी किंवा पावसाची झड सुरू होऊन मुक्काम ठोकणे, ‘सेट आउट’ म्हणजे निघणे, ‘सेट फ्री’ म्हणजे सोडून देणे, ‘सेट फायर टू’ म्हणजे आग लावणे. यांपैकी शेवटच्या दोहोंत बसवण्याचा मागमूसही उरलेला नाही. तिथे शब्द एकटा वाचायचाच नाही, त्याच्या सोबत्यासकट वाचायचा. ही सवय मुलांना इंग्रजीत परकी वाटते, पण मराठीत ती त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, बोअरला पाणी लागते, आणि परभणीहून निघाल्यावर वाटेत मानवत लागते. एवढ्या ‘लागण्यां’त कोणत्याही मुलाचा गोंधळ होत नाही, कारण त्याने ‘लागणे’ कधी एकटे शिकलेलेच नसते. वर्गात हे सहा प्रयोग फळ्यावर लिहून त्यांचे इंग्रजी करायला सांगा. सहाही ठिकाणी वेगळे क्रियापद येते हे पाहिले, की ‘सेट’वरचा त्यांचा राग निम्मा ओसरेल.

व्याकरणाची एक बाब तेवढी घोकून घ्यावीच लागेल. ‘सिट’चे भूतकाळी रूप ‘सॅट’ होते, पण ‘सेट’ तिन्ही रूपांत सेटच राहतो. ‘सेटेड’ असे रूप मुलांच्या वह्यांत वारंवार दिसते, ते खोडून काढावे.

प्रश्न : माझी मोसंबीची बाग आहे. आंबे बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची, सेटिंग यंदा कमी आहे, असे कृषी सहायक म्हणतात. घराचे बांधकामही चालू आहे, तिथे सिमेंटच्या पोत्यावर ‘सेटिंग टाइम’चा उल्लेख असतो, आणि मिस्त्री रोज सेंट्रिंगचे नाव काढतो. या तिन्ही गोष्टी एकच का?
— एक बागायतदार, जालना जिल्हा

उत्तर : पहिल्या दोन एका शब्दाच्या आहेत, तिसरी नाही. बागेतली सेटिंग म्हणजे फळधारणा. फुलाच्या पाकळ्या गळून पडल्यावर आतला बीजकोश झाडावर टिकून फुगू लागला, की फळ सेट झाले असे म्हणतात. आपल्याकडे ‘झाडाने फळ धरले’ असे म्हणण्याची जी जुनी रीत आहे, ती नेमकी हीच गोष्ट सांगते आणि मला ती जास्त आवडते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या जालन्याच्या मोसंबीविषयी बोलताना ‘सेटिंग’ म्हणण्यावाचून काही अडते असे मला वाटत नाही. सेटिंग आणि नंतरची फळगळ या मात्र वेगळ्या गोष्टी समजा. आधी धरलेले आणि पुढे गळलेले फळ सेट झालेले होतेच, तेव्हा सेटिंग मुळातच कमी झाली की धरलेली फळे नंतर गळली, हे कृषी सहायकांना स्पष्ट विचारा, कारण दोन्हींची कारणे आणि उपाय सारखे नसतात.

सिमेंटचे सेट होणे म्हणजे पाणी मिसळल्यावर त्याचा पातळपणा जाऊन ते घट्ट धरणे. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटची ही क्रिया सुरू व्हायला किमान 30 मिनिटे लागली पाहिजेत आणि ती 600 मिनिटांच्या आत पूर्ण झाली पाहिजे. पहिल्या आकड्याचा व्यवहारातला अर्थ असा, की कालवलेला माल ठेवून देऊन मजुरांनी जेवायला जाऊ नये.

मिस्त्रीची ‘सेंट्रिंग’ ‘सेट’वरून आलेली नाही, ती ‘सेंटर’वरून आली आहे. कमान बांधताना तिला खालून आधार देणाऱ्या लाकडी सांगाड्याला इंग्रजीत ‘सेंटरिंग’ म्हणत, तोच शब्द पुढे स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकूंना लागला. काही जण त्याचा उच्चार ‘सेटिंग’ असा करतात, तिथे घोटाळा होतो. दहा तासांत सिमेंट सेट झाले म्हणजे टेकू काढायला हरकत नाही, असे कोणी सांगितले तर मुळीच ऐकू नका. सेट होणे वेगळे आणि भार पेलण्याइतकी ताकद येणे वेगळे. काँक्रीटविषयीच्या आयएस 456 या मानकानुसार स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, 4.5 मीटरपर्यंत असेल तर टेकू किमान 7 दिवस आणि त्याहून मोठा असेल तर 14 दिवस ठेवावे लागतात. 6 मीटरहून लांब तुळईखाली ते 21 दिवस राहिले पाहिजेत.

प्रश्न : मी सेट परीक्षेचा अभ्यास करतो. या परीक्षेच्या नावाचा, गणितातल्या संचाचा आणि ‘त्याने सेटिंग लावली’ या बोलण्याचा परस्परांशी काही संबंध आहे का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : परीक्षेचा काहीच नाही. राज्य पात्रता चाचणीच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ही परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते.

गणितातील संच हा वर सांगितलेल्या नामाचा पारिभाषिक वापर आहे. जर्मन गणिती गेओर्ग कँटर यांनी 1874 च्या सुमारास या शाखेचा पाया घातला तेव्हा त्यांचा शब्द जर्मन होता, ‘मेंगे’, म्हणजे समुदाय. इंग्रजांनी त्यासाठी ‘सेट’ निवडला आणि आपण ‘संच’. नववीच्या गणिताच्या पुस्तकात हे प्रकरण अगदी सुरुवातीला येते. सराफाकडचा दागिन्यांचा सेट एक कर्णफूल हरवले की मोडतो. गणितात एक घटक कमी झाला तर तोही संचच असतो, फक्त दुसरा. घटकांचा क्रम बदलला किंवा एकच घटक दोनदा लिहिला, तर संच बदलतही नाही.

‘सेटिंग लावणे’, म्हणजे आतून संधान बांधून काम करून घेणे, हा अर्थ आपल्याकडचा आहे. मोंढ्यापासून निवडणुकीपर्यंत तो सगळीकडे चालतो, पण इंग्रजी निबंधात तसा लिहिलात तर परीक्षकाला कळणार नाही, कारण इंग्रजीत ‘सेटिंग’ म्हणजे कथेचा स्थळकाळ, खड्याभोवतीचे कोंदण किंवा यंत्राची जुळवणी. ठरवून केलेल्या लबाडीसाठी तिकडे ‘फिक्सिंग’ किंवा ‘रिगिंग’ म्हणतात. बोलीभाषेतील ‘सेट-अप’ आपल्या अर्थाच्या थोडा जवळ येतो खरा, परंतु त्यात काम करून घेणे नसते, कुभांड रचून एखाद्याला अडकवणे असते.